ऊस, नत्र आणि विहीर : गोदावरीकाठच्या एका प्रश्नाची पूर्वपीठिका

मराठी मुलखातील कोणत्याही जुन्या गावाची जमीन दोन भागांत पडते : एक काळी आणि दुसरी पांढरी. काळी म्हणजे पेरणीची, पिकाची. पांढरी म्हणजे वस्तीची, गावठाणाची. जुन्या कागदपत्रांत पांढरी हा शब्द गावकीच्या अर्थानेही येतो, आणि म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांनी या भेदाकडे बहुधा ग्रामसंस्थेच्या अंगानेच पाहिले आहे. वास्तविक त्यामागे मातीचाही एक भेद आहे. पिढ्यान्‌पिढ्या माणसे आणि गुरे एका जागी नांदली, चुलीची राख, शेण, मूत्र, खरकटे आणि पडक्या भिंतींचा चिखल त्या जागी मुरत गेला, की माती पांढुरकी, भुसभुशीत आणि क्षारयुक्त होते. ही माती गाड्या भरून शेतात नेऊन पसरण्याची चाल दख्खनमध्ये जुनी आहे. शेतकऱ्याला तिच्यातील नत्राचे नाव ठाऊक नव्हते. गुण ठाऊक होता. प्रस्तुत निबंधाचा विषय उसाच्या शेतीतील नत्रखते आणि भूजल हा आहे. तरीही त्याचा आरंभ पांढरीपासून करण्याचे कारण पुढे स्पष्ट होईल.

या विषयाकडे वळण्यास निमित्त झाले ते केंद्रीय भूजल मंडळाच्या वार्षिक गुणवत्ता अहवालाचे. २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या या अहवालाप्रमाणे देशातील ४४० जिल्ह्यांच्या भूजलात कोठे ना कोठे नायट्रेटाचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेलेले आढळले. २०१७ साली अशा जिल्ह्यांची संख्या ३५९ होती. महाराष्ट्रातील तपासलेल्या नमुन्यांपैकी ३५.७४ टक्के नमुने सदोष ठरले. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये, आणि पर्यायी स्रोत नसल्यासही या मर्यादेत सवलत नाही. नायट्रेटाला रंग नाही, वास नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटल्याने अधिक दाट होते.

या वृत्ताचे जे स्पष्टीकरण आमच्याकडे सामान्यतः दिले जाते ते सरळ आहे : ऊस वाढला, उसाला युरिया लागतो, युरिया पाण्याबरोबर विहिरीत उतरतो. छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे किंवा गंगापूरकडे जाणाऱ्या वाटेवर उसाचे फड पाहिलेल्या माणसास हे पटावयास वेळ लागत नाही. या स्पष्टीकरणात तथ्य नाही असे नव्हे. परंतु त्याच अहवालात विशेष बाधित म्हणून जे १५ जिल्हे नोंदले आहेत त्यांतील सात महाराष्ट्रातील आहेत : वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. ही नावे पुन्हा एकदा वाचावी. यांतील चार तर वऱ्हाड-नागपूरकडील कापसाचे जिल्हे. जळगाव कापसाचा आणि केळीचा. बीड व नांदेड येथे ऊस आहे, पण तो आहे कपाशी-सोयाबीनच्या शेजारी. उसाचे खरे आगर म्हणावे असे कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि अहिल्यानगर हे जिल्हे त्या यादीत नाहीत. आमचा जिल्हाही नाही. यादीत नाही म्हणजे दोष नाही असा अर्थ कोणी करू नये. तथापि ज्या कारणाने सर्व उलगडते असे आपण समजत होतो त्या कारणाची फेरतपासणी केली पाहिजे, एवढे तरी यावरून निष्पन्न होते. ही फेरतपासणी प्रयोगशाळेत जशी व्हावयास हवी तशी ती इतिहासातही व्हावयास हवी, कारण विहिरीतील नायट्रेट हे एका हंगामाचे नसते.

पांढरीच्या विहिरीत नायट्रेट असणे ही नवी गोष्ट नाही. बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, जुन्या वस्त्यांच्या मातीतून धुऊन काढीत असत. बिहारमधील नोनिया लोकांचा तो वंशपरंपरागत धंदाच होता. जी माती धुतली असता सोरा निघतो ती माती पावसाच्या पाण्यानेही धुतली जाते, आणि ते पाणी खाली जाते ते गावच्या आडात. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर १८८९ च्या अखेरीस हिंदुस्थानात आले आणि १८९३ मध्ये त्यांचा शेतीसुधारणेवरील अहवाल प्रसिद्ध झाला. विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटाचे खत म्हणून मोल त्यांनी ध्यानात आणून दिले. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील तंबाखू करणारे शेतकरी गोड्या विहिरीपेक्षा खाऱ्या विहिरीस अधिक मान देत. त्या खारेपणात नत्र होते. म्हणजे ज्या द्रव्याला आपण आज दूषितक म्हणतो ते एका पिढीस विहिरीचा गुण वाटत होते.

औरंगाबादच्या बाबतीत या संदर्भात नहरींची आठवण होते. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात खडकी नगरासाठी उत्तरेकडील डोंगरपायथ्याचे पाणी भूमिगत मार्गाने आणले, आणि पुढे मोगल अमदानीतही आणखी नहरी झाल्या. नगराच्या वाढत्या लोकसंख्येसाठी पाणी पुरेसे व्हावे हा तर हेतू उघडच आहे. परंतु दाट वस्तीखालचे पाणी सोडून वस्तीबाहेरचे पाणी वस्तीत आणणे, तेही झाकून आणणे, यात पाण्याच्या चवीचा आणि शुद्धतेचा काही अनुभव गोवलेला असावा असे मानण्यास प्रत्यवाय नसावा. हे माझे अनुमान आहे; पुरावा म्हणून ते पुढे करीत नाही.

येथे आणखी एक प्रयोग सांगावयास हवा, कारण त्याचा आपल्या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८७० मध्ये जमिनीचे काही ठोकळे जागच्या जागी बांधून घेतले, आणि त्यांतून पाझरणारे पाणी मोजण्याची व तपासण्याची सोय केली. या ठोकळ्यांवर पीक घ्यावयाचे नाही, खत घालावयाचे नाही, असा नियम होता. तरीही पाझराच्या पाण्यातून नायट्रेट वर्षानुवर्षे जातच राहिले. हे नत्र मातीतील सेंद्रिय द्रव्य कुजून निर्माण होत होते. उघड्या पडलेल्या, पिकाची मुळे नसलेल्या जमिनीतून पावसाळ्यात नत्र निघून जाते. त्यासाठी पोत्यातील खत आवश्यक नाही, ही गोष्ट हेबर-बॉशच्या कृतीने हवेतील नत्राचा अमोनिया होऊ लागण्याच्या चाळीस वर्षे आधीच सिद्ध झालेली होती. आपल्याकडे जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पावसाबरोबर वाहून जाणारे कुजके, सकस द्रव्य शेतातच राहावे म्हणून ताली-बंधारे घालण्याची मागणी केली आहे. त्यांचे लक्ष वाहून जाणाऱ्या सत्त्वाकडे होते, मुरून जाणाऱ्याकडे नव्हे. परंतु काळीचे सत्त्व पाण्याच्या वाटेने शेत सोडते हा प्रश्न त्यांनी नेमका ओळखला होता.

आता उसाकडे येऊ.

दख्खनमधील बागाइती ऊस प्रथम विहिरीच्या मोटेवर आणि पाटस्थळावर होत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खडकवासल्याचे मुठा कालवे झाले, १८८५ मध्ये नीरेचा डावा कालवा सुरू झाला, आणि उसास बारमाही पाण्याची हमी मिळाली. १९१६ मध्ये दारणा आणि १९२६ मध्ये भंडारदरा ही धरणे पुरी होऊन गोदावरी व प्रवरा कालव्यांनी कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर हा टापू उसाखाली आणला. पाण्याबरोबर खताची भूक वाढली. पुण्याच्या आसपास नगरपालिकेचे सोनखत उसाला पडू लागले. हे सोनखत म्हणजे एका अर्थी नगराची पांढरीच होय. परंतु कालव्याच्या शेपटापर्यंत सोनखत पोचणे शक्य नव्हते. तेथे आली पेंड : करंजाची, करडईची, एरंडीची, पुढे भुईमुगाची.

या पेंडीच्या व्यापाराकडे आपल्या आर्थिक इतिहासकारांनी द्यावे तेवढे लक्ष दिलेले नाही. तेलबिया येत कोरडवाहू मुलखातून. तेल शहरात जाई, आणि बियांतील नत्र पेंडीच्या रूपाने कालव्यावरील उसात जाई. म्हणजे जिरायत काळीने हवेतून आणि मातीतून जमविलेले नत्र बागाइताकडे एकदिशा वाहत होते. सधन बागाइतदार आणि निर्धन जिरायतदार या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या विषमतेस मातीतील नत्राचाही एक धागा आहे. पेंडीचा एक गुण असा की ती हळूहळू कुजते, आणि तिच्यातील नत्र पिकाला हप्त्याहप्त्याने मिळते. कोळशाच्या वायूच्या कारखान्यांतील उपपदार्थ म्हणून येणारे सल्फेट ऑफ अमोनिया हे खत दोन महायुद्धांच्या दरम्यान दख्खनच्या बागाइतात रुळले, तेव्हा ते पेंडीच्या जोडीने आले, पेंडीच्या जागी नव्हे. १९३२ मध्ये नीरेच्या खोऱ्यात पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र स्थापन झाले. पेंड किती आणि सल्फेट किती, कोणत्या महिन्यात किती, हा या काळातील दख्खनच्या ऊस संशोधनाचा एक मुख्य विषय होता. पुंड्या उसाच्या जागी को ४१९ सारख्या जाती आल्या, त्या खताला अधिक साथ देणाऱ्या होत्या; आणि मात्रा चढत गेली.

याच काळात कालव्यांखालील भूजलाचा प्रश्न प्रथम सरकारी दप्तरात आला, पण तो नत्राचा म्हणून नव्हे. हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांची नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवरील पुस्तिका मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने १९१० मध्ये प्रसिद्ध केली. कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षे झाली होती, आणि भारी काळ्या जमिनीत पाण्याची पातळी वर येऊन क्षार पृष्ठभागी फुटू लागले होते. पुढे सी. सी. इंग्लिस यांच्यासारख्या पाटबंधारे खात्यातील अभियंत्यांनी निचऱ्याच्या चरांचा अभ्यास केला. या कामाचे मोल मोठे आहे. परंतु त्यामागील प्रेरणाही पाहावयास हवी. जमीन चोपण झाली की आकार बुडतो, पाणीपट्टी बुडते; म्हणून पाण्यातील क्षार मोजले गेले. नायट्रेटामुळे कोणाचाही आकार बुडत नव्हता, आणि ऊस तर त्यावर वाढतच होता. सरकारी दप्तर जे मोजते त्यालाच प्रश्न म्हणते, हा अनुभव इतिहासाच्या अभ्यासकांस नवा नाही.

हे सर्व घडत होते ते गोदावरीच्या पलीकडे. नदीच्या अलीकडचा वैजापूर-गंगापूर-पैठणचा काठ निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद संस्थानानेही मोठे पाटबंधारे बांधले, पण कोठे? बीड जिल्ह्यातील बालाघाटात उगम पावणाऱ्या आणि मराठवाड्यातून वाहणाऱ्या मांजरा नदीवर १९३१ मध्ये निजामसागर पुरा झाला तो तेलंगणात, आणि त्याच्या पाण्यावरील उसासाठी बोधन येथे साखर कारखाना निघाला. मराठवाड्याच्या वाट्यास विहीर आणि मोट राहिली. मोटेचा ऊस हा गुऱ्हाळापुरता, बिघ्या-दोन बिघ्यांचा असे. त्याला खत घरच्या उकिरड्याचे. बैलजोडीच्या बळावर जेवढे पाणी निघे तेवढाच ऊस होई आणि तेवढेच पाणी पुन्हा मुरे. म्हणजे १९४८ पर्यंत आमच्या जिल्ह्यातील विहिरींत जे काही नायट्रेट होते ते मुख्यतः पांढरीचे, गोठ्याचे आणि पावसाळ्यात नांगरून उघड्या पडलेल्या काळीचे होते, असे म्हणण्यास हरकत नाही. नदीच्या दोन काठांचा हा फरक जपून ठेवण्यासारखा आहे. एकाच खोऱ्यात, एकाच काळ्या पाषाणावर, एका काठास पाऊणशे वर्षांहून अधिक काळचा नत्राचा इतिहास आहे आणि दुसऱ्या काठास त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक.

पैठण येथे जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ च्या ऑक्टोबरात झाली आणि १९७६ च्या फेब्रुवारीत इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. प्रकल्पाचा विचार आठमाही सिंचनाचा होता. कोरडवाहू पिकांना आधार देणारे पाणी दूरवर पसरावे, उसाने ते गिळू नये, असा त्यामागील हेतू. कागदावरचा हा हेतू आणि कालव्याकाठचे वास्तव यांत अंतर पडत गेले. त्यास एक तांत्रिक कारण आहे, आणि ते पाण्याच्या गुणवत्तेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. कालवा वर्षातून काही पाळ्यांपुरताच वाहतो. परंतु तो आणि त्याखालील शेते जे पाणी मुरवितात ते विहिरींना मिळते. कालव्याने उसास परवाना नाकारला तरी विहीर परवाना विचारीत नाही. म्हणून लाभक्षेत्रातील ऊस बव्हंशी विहिरीच्या नावावर उभा राहिला. पैठणच्या संत एकनाथ सहकारी कारखान्यासारखे कारखाने उभे राहिले, आणि एकदा कारखाना झाला की त्याला ऊस पुरविणे हे गावोगावच्या अर्थकारणाचे अंग होऊन बसते. ऊस हेच एक असे पीक की ज्याचा भाव कायद्याने आधी ठरतो आणि ज्याचा खरेदीदार बांधावर येतो. मराठवाड्यातील शेतकऱ्याने ऊस का लावला याचे उत्तर त्याच्या लोभात शोधणारे लेखक तुरीच्या आणि कापसाच्या बाजाराकडे डोळेझाक करतात, असे नाइलाजाने म्हणावे लागते. औरंगाबाद विभागीय आयुक्तालयाने २०१९ मध्ये मराठवाड्यात उसावर बंदी घालावी अशी शिफारस शासनास केली, तेव्हाही हाच पेच पुढे आला.

खताची कथा मात्र पैठणला ठरली नाही. ती दिल्लीस ठरली. सिंद्री येथील कारखान्यातून १९५१ मध्ये अमोनियम सल्फेट बाहेर पडले, १९६५ मध्ये तुर्भ्याचा कारखाना आला, आणि या दोन दशकांत खताची परिभाषाच पालटली. सल्फेटात नत्र जेमतेम २१ टक्के, युरियात ४६. वाहतुकीचा खर्च निम्मा झाला. पेंड जनावरांच्या खाद्याकडे आणि निर्यातीकडे वळली, आणि उसाच्या सरीतून ती जवळजवळ नाहीशी झाली. १९७७ मध्ये धारणमूल्य योजना आली. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाश खतांवरील नियंत्रण उठविले, युरियावरील ठेवले. २०१० मध्ये पोषकद्रव्यांवर आधारित अनुदानाची पद्धत आली, तीतूनही युरिया वगळला. २०१५ पासून सर्व युरियास कडुनिंबाचा लेप देणे सक्तीचे झाले आणि २०१८ मध्ये पोते ५० किलोंवरून ४५ किलोंवर आले. किंमत मात्र कर व लेपाचा खर्च वगळता २४२ रुपयांवर स्थिर राहिली. तिन्ही अन्नद्रव्यांपैकी नत्र तेवढे वर्षानुवर्षे स्वस्त ठेवावयाचे, आणि मग शेतकरी नत्रच अधिक वापरतो म्हणून त्यास दोष द्यावयाचा, ही रीत न्यायाची नाही.

आडसाली उसास महाराष्ट्रात हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश अशी शिफारस आहे. पूर्वहंगामी उसास नत्र ३४०, सुरू उसास २५०. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लागतो आणि दीड वर्ष उभा असतो. शिफारशीप्रमाणे नत्राचा दहावा हिस्सा लागणीच्या वेळी, चाळीस टक्के सहा ते आठ आठवड्यांनी, दहा टक्के बारा ते सोळा आठवड्यांनी, आणि उरलेले चाळीस टक्के मोठ्या बांधणीस द्यावयाचे असते. ही विभागणी विचारपूर्वक केलेली आहे. तरी एक गणित ध्यानात घ्यावे. एक टन ऊस शेतातून सुमारे एक किलो नत्र उचलून नेतो. हेक्टरी दीडशे टन ऊस निघाला तरी कारखान्यात जाणारे नत्र दीडशे किलोंच्या आसपास. उरलेले कोठे जाते? काही पाचटात राहते, आणि पाचट पेटविले की हवेत जाते. काही मुळांत व मातीच्या सेंद्रिय द्रव्यात मुरते. काही अमोनिया होऊन उडते. जमीन दबलेली व पाणथळ असेल तर सूक्ष्मजीव नायट्रेटाचे विघटन करून त्याचा वायू करतात. या सर्वांतून सुटलेले तेवढे पाण्याबरोबर खाली जाते.

शेवटून दुसऱ्या वाटेकडे विशेष लक्ष द्यावयास हवे, कारण आरंभी सांगितलेल्या यादीचे कोडे तिच्यापाशी थोडेसे सुटते असे मला वाटते. बागाइती पट्ट्यांतील भारी काळी जमीन सतत ओली असते. तिच्यात प्राणवायू कमी, आणि नायट्रेटाचा वायू होण्यास अनुकूल स्थिती. शिवाय कालव्याचे मुरणारे पाणी विहिरीतील द्रव्य विरळ करते. उसाचे मूळ बारा-अठरा महिने जमिनीत जिवंत असते. कपाशीचे तसे नाही. जूनच्या पावसावर पेरणी, जुलै-ऑगस्टच्या भर पावसात युरियाचा हप्ता, उथळ मुरमाड जमीन, आणि पिकानंतर महिनोन्‌महिने उघडी काळी : रॉथमस्टेडच्या ठोकळ्यांची आठवण व्हावी अशीच ही स्थिती आहे. उन्हाळ्यात काळ्या जमिनीस ज्या भेगा पडतात त्यांतून पहिल्या पावसाचे पाणी मातीशी फारसा संबंध न येता सरळ खालच्या मुरमात उतरते. म्हणून हेक्टरी मात्रा कमी असूनही विहिरीत पोचणारे नायट्रेट अधिक असू शकते. येथे शेतातले नत्र आणि गावातले नत्र यांची पुन्हा मिसळ होते. गावोगाव नळपाणी आले, शौचालये आली, पण मैल्याचे खड्डे त्याच मुरमात खणले गेले. मराठवाड्यात दुष्काळाच्या वर्षांत चारा छावण्यांमध्ये हजारो जनावरे महिनोन्‌महिने एका जागी बांधली गेली; तीही एक नवी पांढरीच.

विहिरीतले नत्र कोणाचे हा वाद अन्यत्रही झालेला आहे. अमेरिकेत आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांनी १९४५ मध्ये तान्ह्या मुलांच्या निळसरपणाचा विकार विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटाशी जोडला, आणि आजच्या पेयजल-मर्यादेचा उगम त्या संशोधनात आहे. परंतु त्यांनी वर्णिलेल्या विहिरी उथळ, हाताने खणलेल्या, गोठ्या-शौचकूपांजवळच्या होत्या; त्यांच्या भाषेत पांढरीच्या होत्या. १९७१ मध्ये इलिनॉय राज्यातील सँगामन नदीच्या खोऱ्यात कोल, शियरर आणि कॉमनर यांनी नत्राच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजून नदीतील नायट्रेटापैकी निम्म्याहून अधिक मक्याच्या खतातून आले असा निष्कर्ष काढला. त्यावर मृदाशास्त्रज्ञांनी मोठा आक्षेप घेतला : मातीतील जुने नत्र आणि खतातील नवे नत्र मातीत इतके घुसळून निघते की समस्थानिकांवरून त्यांची अशी वाटणी करता येत नाही. पुढे प्राणवायूच्या समस्थानिकांची जोड मिळाल्याने ही पद्धत सुधारली. शेणखत-मैला एकीकडे आणि रासायनिक खत दुसरीकडे, एवढे वेगळे करणे आता पुष्कळ अंशी शक्य झाले आहे.

परंतु त्याआधी करण्यासारखे एक साधे काम आपल्या विभागांच्या आवाक्यात आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी राज्यभर आहेत, आणि १९८० पासून जल व भूमी व्यवस्थापनाचे काम करणारी वाल्मी ही संस्था तर आमच्याच नगरात कांचनवाडीस आहे. नायट्रेटाच्या प्रत्येक आकड्यापुढे ती विहीर पांढरीत आहे की काळीत, काळीत असल्यास कालव्याच्या वर की खाली, आणि त्या शेताखाली ऊस किती वर्षे आहे, एवढ्या नोंदी असल्या तर अर्धा वाद मिटेल. जुनी गावठाणे, उठून गेलेली गावे, भरून टाकलेले आड यांच्या जागा दाखविणारे नकाशे आणि पैमाशीची कागदपत्रे वाचणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याकडून त्याची अपेक्षा करता येत नाही. गोदावरीच्या दोन काठांवरील समोरासमोरची गावे घेऊन असा अभ्यास झाला तर दोन राज्यांच्या पाटबंधारे-धोरणाचा परिणाम भूगर्भातील पाण्यात वाचता येईल.

शेवटी एक हिशेब मांडतो. दर लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे सुमारे १० मिलिग्रॅम नत्र. अशा पाण्याच्या विहिरीतून, म्हणजे पिण्याच्या मर्यादेच्या अगदी काठावर असलेल्या विहिरीतून, हेक्टरभर उसास वर्षभरात शंभर सेंटिमीटर पाणी दिले, तर एक कोटी लिटर पाण्याबरोबर शंभर किलोंहून थोडे अधिक नत्र त्या उसास मिळते. युरियाच्या भाषेत ही जवळजवळ पाच पोती होतात, आणि आडसाली उसाच्या शिफारशीचा हा चौथा हिस्सा होतो. विहिरीचे पाणी याहून दूषित असेल तर पोती वाढतात. ते नत्र पूर्वीच्या कोणत्या तरी हंगामात त्याच शेतकऱ्याने किंवा त्याच्या शेजाऱ्याने विकत आणलेले असते, अथवा गावाने जमिनीत सोडलेले असते. खेड्याच्या तंबाखूवाल्याने अशी विहीर ओळखली होती आणि तिचे मोल जाणले होते. आमच्या डाव्या कालव्याखालील ऊसकरी तेच पाणी सोडतो आणि वर पूर्ण मात्रेचा युरिया फेकतो, कारण पाण्यातील नत्र त्यास कोणी सांगितलेले नाही. २०१५ पासून शेतकऱ्यास जी मृदा आरोग्य पत्रिका मिळते तीत मातीच्या बारा घटकांचे रकाने आहेत. विहिरीच्या पाण्यासाठी तीत रकाना नाही. पाणी तपासले जाते ते वेगळ्या खात्याकडून, पिण्यासाठी म्हणून, आणि तो कागद ग्रामपंचायतीत राहतो.